मुख्य वाक्य कोणते?

परवा संध्याकाळी माझी नात इंग्रजीची वही घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. ती आठवीत आहे. एरवी अभ्यासात तिला माझी गरज भासत नाही. गणितासाठी तिचे वडील आहेत, विज्ञानासाठी मोबाईल आहे, आणि मराठीसाठी कोणाचीच गरज नाही अशी घरातल्या सर्वांची समजूत आहे. पुस्तकात एखादी जुनाट गोष्ट निघाली म्हणजे मात्र आजोबांची आठवण होते. आणि डॉक्टरांनी जिना बंद केल्यापासून आजोबा घरात सापडतातही. या वेळी निघाले होते क्लॉजेस.

"आजोबा, यातलं मेन क्लॉज कुठलं आणि सबॉर्डिनेट कुठलं, तेवढं सांगा ना."

मी चष्मा चढवला. दहा वाक्ये होती. पहिल्या वाक्यातली क्रियापदे मी तिला बोटांवर मोजायला लावली. दुसऱ्या वाक्यात तिने ती आपणहून मोजली. सहाव्या वाक्याशी येईपर्यंत तिची गाडी रुळावर आली होती आणि माझी मान थोडी ताठ झाली होती. तेवढ्यात पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, "म्हणजे मेन क्लॉज म्हणजे महत्त्वाचं, आणि सबॉर्डिनेट म्हणजे कमी महत्त्वाचं. बरोबर ना?"

'हो' म्हणायला मी तोंड उघडले. पण शब्द काही बाहेर पडेना.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

"आजी, आजोबांना पण येत नाही!" नातीने तिथूनच जाहीर केले. आतून आमच्या हिचा आवाज आला, "काय येत नाही?" स्वयंपाकघरातून आलेल्या या प्रश्नाला उत्तर द्यायचे नसते, हे मी लग्नानंतर लौकरच शिकलो होतो. मी गप्प बसलो.

मला येत नव्हते असे नाही. साठ वर्षांपूर्वी याच प्रश्नाचे उत्तर मी चुकलो होतो, म्हणून जीभ अडखळली.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, वाईच्या एका शाळेत इंग्रजी शिकवीत. वाई म्हणजे वेदशास्त्रसंपन्न गाव. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि पहाटे गल्लीगल्लीतून ऐकू येणारी संथा. अशा गावात साहेबाचे व्याकरण शिकवून पोट भरणारा माणूस म्हणजे थोडा थट्टेचाच विषय. आमच्या शेजारचे शास्त्रीबोवा घाटावर भेटले की म्हणायचे, "मास्तर, तुमच्या साहेबाने यात नवे ते काय केले? आमच्याकडे 'यदा' आणि 'तदा' होतेच की!"

अण्णा ओला पंचा पिळता पिळता शांतपणे म्हणत, "शास्त्रीबोवा, तुमच्याकडे 'यदा' आला की मागोमाग 'तदा' येतोच. साहेबाचा 'यदा' एकटाच फिरतो. आमच्या पोरांची पंचाईत होते ती तिथे."

अण्णांची शिकवण्याची रीत साधी होती. ते फळ्यावर 'व्हेन द रेन स्टॉप्ड' एवढेच लिहीत, त्याचा अर्थ सांगत, 'पाऊस थांबला तेव्हा', आणि खडू खाली ठेवून वर्गाकडे नुसते पाहत राहत. वर्गात शांतता पसरे. मग मागच्या बाकावरून कोणीतरी न राहवून विचारी, "मग काय झालं, सर?"

"हे जे 'मग काय झालं' तुझ्या तोंडून निघालं ना," अण्णा म्हणत, "तीच गौण वाक्याची खूण. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, सगळे आहे. पण ऐकणाऱ्याचे समाधान नाही. आता पुढे ऐका. 'वुइ वेंट होम.' आम्ही घरी गेलो. आता कोणी काही विचारलेत का? नाही. ते मुख्य वाक्य. ते आपल्या पायांवर उभे राहते."

त्यांचा पहिला नियम क्रियापदे मोजण्याचा. वाक्यात जितकी पूर्ण क्रियापदे, तितकी उपवाक्ये. साहाय्यक क्रियापद मूळ क्रियापदाबरोबर एकच धरायचे. क्रियापदच नसेल तर तो नुसता शब्दांचा घोळका, त्याला वाक्य म्हणायचे नाही. दुसरा नियम मुख्य वाक्य आधी शोधण्याचा. घरात शिरताना आधी कर्त्या माणसाला नमस्कार करावा, तसे. आणि तिसरा नियम, 'टोपी पाहू नका, काम पाहा.' टोपी म्हणजे गौण वाक्याच्या डोक्यावर बसलेला शब्द. 'व्हेअर' हा शब्द दिसला की स्थळ दाखवणारे क्रियाविशेषणवाक्य, असे आम्ही पोपटासारखे म्हणू लागलो, की अण्णा तीन वाक्ये लिहीत. 'आय नो व्हेअर ही लिव्ज.' मला काय ठाऊक आहे? तो कुठे राहतो ते. म्हणजे ते नामाचे काम करते, नामवाक्य. 'द हाउस व्हेअर ही लिव्ज इज ओल्ड.' कोणते घर? तो राहतो ते. विशेषणवाक्य. 'सिट व्हेअर यू लाइक.' कुठे बस? तुला आवडेल तिथे. हे क्रियाविशेषणवाक्य. तिन्हीकडे टोपी तीच, पण काम वेगळे. "आपला शंकऱ्या सकाळी पाणी भरतो, दुपारी शाळेची घंटा देतो आणि रात्री भजनात टाळ कुटतो. माणूस एकच. तो कोण, हे तो काय करतो आहे ते बघून ठरवायचे," असे अण्णा म्हणत.

मराठी मुलांची एक चूक त्यांच्या विशेष रागाची होती. 'जरी पाऊस पडत होता तरी आम्ही गेलो' या वाक्याचे इंग्रजी आम्ही 'दो इट वॉज रेनिंग, बट वुइ वेंट' असे करीत असू. दोष आमचा नव्हता. आपल्या भाषेत जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो, जर-तर अशी जोडपीच असतात. एकाने हाक मारली की दुसऱ्याने ओ द्यायची. इंग्रजीत 'दो' आला की 'बट' नको. 'बट' दोन स्वतंत्र वाक्यांना बरोबरीने जोडतो. 'दो' एकाला दुसऱ्याच्या आश्रयाला नेऊन बसवतो. दोन्ही एकाच वाक्यात घातले की घरात दोन कर्ते होतात. अशा 'बट'वर अण्णांची लाल शाई हमखास पडे.

आणि त्यांचा जीव होता तो स्वल्पविरामावर. 'माय ब्रदर हू लिव्ज इन पूना' असे सरळ लिहिले, तर मला बरेच भाऊ आहेत, त्यांपैकी पुण्याचा तो, असा अर्थ होतो. तेच 'हू लिव्ज इन पूना' दोन स्वल्पविरामांच्या मध्ये ठेवले, तर भाऊ एकच. तो पुण्याला असतो ही जाता जाता दिलेली माहिती. "दोन टिंबांच्या शेपट्या," अण्णा म्हणत, "पण त्या नसल्या तर घरात नसलेले भाऊ निर्माण होतात."

मी त्यांचा एकुलता एक मुलगा. शाळेत इंग्रजी सुरू होण्याआधीच घरी वाक्ये फोडायला शिकलो. 1958 साली एस.एस.सी. झालो आणि पुढे मुंबईला एका कचेरीत चिकटलो. गिरगावातल्या एका चाळीत आम्ही चौघे मित्र एका खोलीत राहत असू. निघताना अण्णांनी एकच अट घातली होती, दर पंधरा दिवसांनी इंग्रजीत पत्र लिहायचे. ते पत्र लाल शाईने दुरुस्त होऊन, अण्णांच्या उत्तराबरोबर, त्याच पाकिटातून परत येई. मित्रांना याची फार गंमत वाटे. पाकीट आले की ते विचारीत, "काय रे, पास की नापास?" अण्णांचे पत्र इंग्रजीत असे, आणि त्याच्या तळाशी उरलेल्या जागेत आईच्या दोन ओळी मराठीत.

1963 सालच्या दिवाळीपूर्वी असेच एक पाकीट आले. शाळेच्या, पावसाच्या चार गोष्टी लिहून अण्णांनी शेवटी म्हटले होते, 'आय अॅम क्वाइट वेल, दो द डॉक्टर हॅज आस्क्ड मी नॉट टु गो डाउन टु द घाट.' खाली आईची ओळ होती, 'जमलं तर दिवाळीला ये. पणत्या आणून ठेवल्या आहेत.'

मी ते पत्र अण्णांच्याच पद्धतीने वाचले. मुख्य वाक्य आधी शोधले. 'आय अॅम क्वाइट वेल.' मी अगदी बरा आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे, वाक्य आपल्या पायांवर उभे आहे. मन निश्चिंत झाले. उरलेले 'दो'चे वाक्य, म्हणजे गौण. वीस वर्षे रोज पहाटे घाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाला डॉक्टर त्या पायऱ्या का बंद करतो, असा प्रश्न मला पडला नाही. हेच वाक्य मराठीत असते तर कदाचित पडला असता. आपण म्हणतो, 'डॉक्टरांनी घाटावर उतरायला मनाई केली असली, तरी मी बरा आहे.' आपल्याकडे डॉक्टर आधी येतात. इंग्रजीत अण्णांनी त्यांना मागे, स्वल्पविरामाच्या आडोशाला उभे केले होते.

पण दोष इंग्रजीवर टाकून मी सुटणार नाही, कारण आईची ओळ मराठीतच होती. 'जमलं तर दिवाळीला ये.' यात मुख्य वाक्य कोणते? 'ये.' एका अक्षराचे. 'जमलं तर' हे गौण, संकेत दाखवणारे. तिथे मात्र मी मुख्य वाक्य सोडले आणि गौण तेवढे उचलले. जमलं तर ना? मग जमत नाही. म्हणजे अण्णांच्या वाक्यातले मुख्य मी वाचले, आईच्या वाक्यातले गौण वाचले. व्याकरण दोन्हीकडे मला येत होते. दोन्हीकडे मी मला सोयीचे होते तेवढेच वाचले.

सोय कसली, तर मित्रांनी दिवाळीच्या सुट्टीत वेरूळला जायचे ठरवले होते. मी अण्णांना लिहिले, 'दो आय विश टु कम, बट माय फ्रेंड्स हॅव अॅरेंज्ड अ ट्रिप टु एलोरा.' आठवड्याने पत्र परत आले. सबंध पत्रात लाल शाईची खूण एकच होती. 'बट' खोडला होता. बाकी एक शब्द नाही. खाली आईने लिहिले होते, 'जपून जा. रात्रीच्या गाडीत खिडकीशी बसू नकोस.'

आम्ही वेरूळ पाहिले. कैलास लेण्यासमोर चौघांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून फोटो काढून घेतला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी औरंगाबादच्या एका लॉजच्या गॅलरीत उभा राहून मी दुसऱ्यांच्या पणत्या पाहत होतो. तेव्हा घरची आठवण झाली, नाही असे नाही. पुढच्या दिवाळीला नक्की जाऊ, असे मी मनाशी म्हटले.

मार्गशीर्षात कचेरीत तार आली. 'फादर सीरियस स्टार्ट इमीजिएटली.'

ज्यांनी तारा पाहिल्या नाहीत त्यांना सांगायला हवे. 2013 सालच्या जुलैत आपल्याकडची तारसेवाच बंद झाली, त्यामुळे आता ती भाषाही गेली. तारेला शब्दांच्या हिशेबाने पैसे पडत. म्हणून माणसे आधी काय कापीत, तर 'दो', 'व्हेन', 'बिकॉज' ही सगळी जोडणारी मंडळी. तारेत गौण वाक्याला जागा नसे. वडील गंभीर आहेत, ताबडतोब नीघ. आणि 'सीरियस' या शब्दाचा अर्थ तारेत काय होतो, हे त्या काळी सर्वांनाच ठाऊक होते. 'जरी', 'तरी' काही नाही.

रात्रीच्या गाडीने पुणे गाठले. सकाळची एस.टी. धरली. खंबाटकीचा घाट चढताना गाडी इतकी सावकाश चालली होती, की उतरून पळत जावेसे वाटले. सुरूरच्या फाट्यावरून गाडी वाईकडे वळली तेव्हा शेजारच्या माणसाने विचारले, "सुट्टीवर आलात वाटतं?" मी मान हलवली. वाड्याच्या दारात चपलाच चपला होत्या. मंडळी माझ्यासाठी थांबली होती.

घाटाच्या पायऱ्या चढताना अण्णांच्या छातीत आश्विनातच कळ आली होती. हे मला तेराव्यानंतर आईने सांगितले. ती तक्रार करीत नव्हती. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुला कळवलं होतं ना त्यांनी? मी म्हटलं, स्पष्ट लिहा. तर म्हणाले, लिहिलंय मी. त्याला वाक्य फोडता येतं, कळेल त्याला."

"हो, कळवलं होतं," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

अण्णांच्या पेटीत वर्गासाठी वाक्ये तयार करून ठेवलेल्या वह्या होत्या. शेवटच्या वहीत दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना घालायची वाक्ये होती. पहिली काही नेहमीचीच. पाऊस, घर, शेतकरी आणि त्याचा बैल. शेवटचे वाक्य असे होते, 'माय सन, हू इज इन बॉम्बे, विल कम व्हेन ही गेट्स लीव.' मुंबईत असलेला माझा मुलगा रजा मिळाली की येईल. दोन्ही स्वल्पविराम जागच्या जागी, ठसठशीत. मी ते वाक्य फोडले. 'हू इज इन बॉम्बे' विशेषणवाक्य, गौण. 'व्हेन ही गेट्स लीव' क्रियाविशेषणवाक्य, कालवाचक, गौण. दोन्ही बाजूला काढल्यावर जे आपल्या पायांवर उभे राहिले, ते तीन-चार शब्दांचे होते. 'माय सन विल कम.'

ती वही माझ्याकडे आहे. वेरूळचा फोटोही आहे. लाल शाईने खोडलेल्या 'बट'चे पत्रही आहे. तिन्ही मी एकाच पाकिटात ठेवली आहेत.

पुढे मी मुद्दाम इंग्रजी व्याकरणाची पुस्तके वाचीत राहिलो. निवृत्तीनंतर तर छंदच जडला. हडलस्टन आणि पुलम यांचे केंब्रिजचे जाडजूड व्याकरण 2002 साली निघाले. त्यात ही जुनी फाळणी वेगळ्या तऱ्हेने मांडली आहे. आम्ही मुख्य वाक्य एकीकडे आणि गौण दुसरीकडे, मध्ये रेघ मारून लिहीत असू. आता म्हणतात, गौण वाक्य मुख्याच्या बाहेर नसतेच. ते त्याच्या पोटात असते, त्याचाच अवयव असते. 'त्याने मला सांगितले की त्याची आई गेली' यात रेघ मारली तर मुख्य वाक्य काय उरते? 'त्याने मला सांगितले.' एवढ्याने त्याच्या घरी काय झाले ते कळते का? सगळे दुःख गौण वाक्यात आहे. हे वाचले तेव्हा वाटले, अण्णांशी यावर बोलायला मिळाले असते तर त्यांनी पंचा पिळता पिळता काय उत्तर दिले असते?

असो. दुसऱ्या दिवशी नात शाळेतून आली, तशी मी तिला बोलावून घेतले.

"कालच्या प्रश्नाचे उत्तर. मेन म्हणजे जे एकटे उभे राहू शकते ते. सबॉर्डिनेट म्हणजे ज्याला दुसऱ्याचा आधार लागतो ते. महत्त्वाचे कोणते, हे व्याकरण सांगत नाही. ते वाचणाऱ्याने ओळखायचे असते."

"मग पेपरात काय लिहू?"

"पेपरात आधी मेन क्लॉज शोध. घरच्या माणसाचे पत्र असेल तर मात्र दोन्ही नीट वाच. मागचे तर दोनदा."

"आजोबा, आता पत्र कोण लिहितं?" ती हसली. तरी मी पाकीट काढून तिला वहीतले वाक्य दाखवले, अण्णांचे पत्र दाखवले आणि त्यातले 'दो'चे वाक्य तिला फोडायला लावले. ते तिने बिनचूक फोडले. मग बराच वेळ काही बोलली नाही. पत्राची घडी मात्र तिने होती तशीच, जुन्या रेघेवर घातली.

त्या रात्री बंगळूरहून माझ्या मुलीचा फोन आला. फोन नातीच्याच हातात होता. तिने तो माझ्यासमोर धरला.

"बाबा, कसे आहात?"

"मी अगदी बरा आहे," मी म्हणालो.

"आत्या," नात मध्येच म्हणाली, "वाक्य अजून संपलं नाहीये. पुढे 'दो' आहे. डॉक्टरांनी आजोबांना जिना चढायला बंदी केलीय. पंधरा दिवस झाले."

मी डोळे वटारले, पण तिने फोन हलवला नाही. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला.

"बाबा, मी दिवाळीला येते," मुलगी म्हणाली.

केवल वाक्य. एकच क्रियापद. त्यात फोडण्यासारखे काही नव्हते.